सही जुळत नाही

चँडलर, ॲरिझोना
शनिवार, ८ मार्च २००८

ती. ताईस,

नमस्कारापासून क्षेमकुशलापर्यंत सगळं रीतसर लिहिलंय असं धरून चाल. अण्णांसारखी चार ओळींची प्रस्तावना मला जमत नाही, आणि दहावीच्या परीक्षेची सुपरव्हिजन करून घरी येणाऱ्या बाईला ती वाचायला वेळ नसतो. आम्ही दोघं बरे आहोत. निधीची सर्दी गेली. हवा सध्या छान आहे, पण अजून महिन्याभराने नागपूरसारखंच भाजायला लागेल. एवढे समुद्र ओलांडून पोरगा गेला तो पुन्हा उन्हाळ्यातच, असं आई म्हणते ते काही खोटं नाही.

माझं पत्र, तेही तुझ्या नावे, बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करून बघितलं असशील. फोनवर आपलं बोलणं होतच नाही. तू उचलतेस, 'कसा आहेस' विचारतेस आणि मी उत्तर द्यायच्या आत रिसीव्हर अण्णांच्या हातात जातो. तीन वर्षं हे असंच चाललंय. मीही कधी 'अगं थांब' म्हटलं नाही, कारण मला ते सोयीचं होतं. असो. आधी कामाचं लिहितो.

अण्णांचं रजिस्टर पत्र मंगळवारी मिळालं. आत पीपीएफ बंद करायचा फॉर्म, दुसऱ्यांदा. जानेवारीत मी सही करून पाठवलेला बँकेने परत केला. त्यावर तांबड्या शाईत शेरा आहे, 'सही जुळत नाही'. जुळणार कशी? खातं उघडलं ते ब्याण्णवच्या जूनमध्ये, मला इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली त्या आठवड्यात. अण्णांनी मला सायकलवर मागे बसवून बँकेत नेलं होतं, अठरा वर्षांच्या घोड्याला. काउंटरवर म्हणाले, "मराठीत सही कर. पूर्ण नाव. इंग्रजी सहीची कोणीही नक्कल करतं." मी शाळेतल्यासारखं 'केदार दिगंबर पिंपळखुटे' लिहिलं. तेच नाव बँकेच्या कार्डावर सोळा वर्षं बसलंय, आणि मी इथे के काढून पुढे एक रेघ ओढतो.

तर येत्या एक एप्रिलला त्या खात्याची मुदत संपते. अण्णांनी दोन पानं भरून समजावलंय. मी परदेशात राहणारा, म्हणून मला मुदतवाढ मिळत नाही. करमुक्त व्याजाचं सुख संपलं. त्यांचं म्हणणं असं की रक्कम वळती करून त्यांच्या नावे पाच वर्षांसाठी ठेवावी. सीनियर सिटिझनला अर्धा टक्का जास्त, म्हणजे सव्वानऊ. वारस म्हणून माझं नाव. 'पाच वर्षं कोणी हात लावायचा नाही. तुला याहून चांगला दर कुठे दिसत असेल तर कळव, तू तिकडे कॉम्प्युटरवर बघतोसच.' आणि अगदी शेवटी, तारखेच्याही खाली, बारीक अक्षरात: 'तुझ्या आईच्या उजव्या डोळ्यात आता इंजेक्शनं सुरू केली आहेत. काळजी नसावी. लतिका बघते.'

दराच्या बाबतीत अण्णा मला ओळखून आहेत. हा नाद मला त्यांचाच लागला. पाच तारखेच्या आत पैसे भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, म्हणून दर एप्रिलला ते उन्हात रांगेत उभे राहायचे, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पाच-दहा हजारच भरायचे, पण पाच तारीख कधी चुकवली नाही. मी रांगेत उभा राहत नाही, एवढाच फरक. इथे माझी एक एक्सेल शीट आहे. कुठल्या बँकेत काय दर, कुठली ठेव कधी पिकते, कुठून काढून कुठे टाकायची, सगळं त्यात. पाव टक्क्यासाठी मी गेल्या वर्षी तीन बँका बदलल्या. निधी म्हणते, "यू नो, तू एका डिनरचे पैसे वाचवण्यासाठी तीन वीकेंड घालवलेस." ती पुण्याची असून हे म्हणते.

आणि एवढं करून मोठ्या व्यवहारात आपटलोच. हे घर आम्ही २००४ च्या डिसेंबरात घेतलं, तेव्हा लोक रांगा लावून घरं घेत होते. आज आमच्या गल्लीत चार घरांवर बँकेने जप्त केल्याच्या पाट्या आहेत. आमचं घर घेतलं त्याहून किती खाली आलंय ते तुला सांगत नाही, कारण तू अण्णांना सांगशील आणि ते रात्रभर आकडेमोड करतील.

आज सकाळी सही गिरवायला बसलो. जाहिरातींची पाकिटं पुष्कळ येतात, त्यांच्या पाठीवर. 'पिंपळखुटे'तला 'ळ' जमेना. हात थरथरतो असं नाही, हाताला माहीतच नाही कुठे वळायचं ते. निधी कॉफी घेऊन आली आणि म्हणाली, "ही तुझी सही? हे तर कुणीतरी निबंधाखाली नाव लिहिलंय. अरे, एखादा जुना पेपर बघ ना, त्यावरून कॉपी कर."

म्हणून गॅरेजमधलं फायलींचं कपाट उघडलं. जुनी सही एकाच कागदावर सापडली.

ताई, तू २००४ च्या नोव्हेंबरात पाठवलेला तो पैसे काढायचा फॉर्म आठवतो ना, आईच्या डाव्या डोळ्याच्या वेळचा? तो सापडला. घराच्या कागदांच्या फायलीत होता. तेव्हा आमचं शिफ्टिंग चाललं होतं, खोके भरणं, पत्ता बदलणं, त्या गडबडीत कधीतरी टपालातून येऊन न बघताच फायलीत गेला असणार.

रविवार, ९ मार्च

वरची शेवटची ओळ काल लिहिली आणि उठलो. खोडणार होतो. खोडत नाही, तशीच राहू दे. मी किती सफाईने खोटं लिहितो ते तुला दिसेल.

न बघता फायलीत गेलेल्या फॉर्मवर माझी सही कशी असेल? तूच हे विचारलं असतंस, वर्गातल्या पोरांना पकडतेस तसं.

पाकीट मला मिळालं होतं. तुझ्या हातचा पत्ता, गणपतीच्या चित्राचं तिकीट, नागपूरचा तीन नोव्हेंबरचा शिक्का. बारा दिवसांत पोचलं, भाऊबीज नुकतीच झाली होती तेव्हा. आत फॉर्म, तुझी चिठ्ठी आणि कुंकू-अक्षतांची पुडी. पुडी थोडी फुटली होती, फॉर्मच्या कोपऱ्याला कुंकू लागलंय. चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, 'पडदा सुटत चाललाय, महिन्याभरात ऑपरेशन करा म्हणाले आहेत. तुझ्या खात्यातून काढता येतील तेवढे काढू, अण्णा कर्ज नको म्हणतात. फक्त सही करून लगेच पाठव.' मी त्याच संध्याकाळी सही केली. मराठीत, झोकदार. तेव्हा हात चालत होता.

मग मी कॉम्प्युटर उघडला. का उघडला, विचारू नकोस. सवय. पीपीएफच्या नियमात बघितलं, तर त्या वर्षी निम्म्याच्या हिशेबाने ऐंशी हजारांच्या आसपास निघत होते, आणि एक एप्रिलनंतर काढले तर पंधरा हजार जास्त निघणार होते. वर्षातून एकदाच काढता येतं. आत्ता काढले की मार्चअखेरपर्यंत दार बंद. मी स्वतःला सांगितलं, डॉक्टर महिना म्हणतात म्हणजे चार महिने चालतात. आपल्याकडे डॉक्टर घाबरवतातच. एप्रिलमध्ये काढले तर सगळंच नीट होईल, औषधपाण्यालाही उरतील. म्हणजे बघ, आईच्या डोळ्यापुढे मी पंधरा हजारांचा विचार केला, आणि तोही आईच्याच भल्याचा म्हणून.

दुसरंही होतं. घराचं कर्ज मंजूर होत होतं, आणि कर्जवाल्या माणसाने बजावलं होतं, व्यवहार पुरा होईपर्यंत खात्यातून मोठी रक्कम हलवू नका. फॉर्म पाठवला आणि पैसे कमी पडले, तर पुढचा फोन मलाच येणार हे मला कळत होतं. ऑपरेशनला सत्तर हजार लागणार होते. त्या दिवसांच्या भावाने सोळाशे डॉलर. ती काही मोठी रक्कम नव्हती, ताई, मी सरळ इथूनच पाठवू शकलो असतो, आणि कुणीही कर्ज नाकारलं नसतं. जानेवारीत आम्ही बेडरूमच्या पडद्यांना त्याहून जास्त दिले. मी कंजूष झालो आणि त्याला शहाणपण म्हणत राहिलो.

पुढच्या रविवारी तुझा फोन आला. तू विचारलंस, "पोचलं का रे पाकीट?" मी 'नाही' म्हणणार नव्हतो. मी म्हणणार होतो की बघतो, जरा थांबू या का, नियम असा असा आहे. पण तुझ्या आवाजात एवढी घाई होती की मला ते बोलायची लाज वाटली. म्हणून म्हटलं, "अजून नाही आलं." एकदा म्हटल्यावर त्याच्या पुढच्या रविवारी वेगळं काय म्हणणार? असे सहा रविवार झाले. आधी तू पोस्टात चौकशी केलीस. मग तू म्हणालीस, चूक माझीच, साध्या टपालाने टाकलं. ते ऐकून मला काय वाटलं माहीत आहे? सुटल्यासारखं वाटलं.

जानेवारीत तू दुसरा फॉर्म रजिस्टरने पाठवलास. तोवर घराचा व्यवहार होऊन गेला होता, आणि आईला डाव्या डोळ्याने नुसता धूर दिसतो असं अण्णा म्हणाले होते. तो फॉर्म मी आला त्या दिवशी परत धाडला, कुरिअरने, चाळीस डॉलर खर्चून. कसा कर्तबगार मुलगा. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, नोव्हेंबरात आला असतात तर.

हे वाक्य मी फोनवर ऐकलं. तुला ते समोरासमोर ऐकावं लागलं.

निधीला मी हे काल सांगितलं. तिला आजवर माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आणि लतिकाताईंना काय वाटत असेल इतकी वर्षं?" आज ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे, आणि ते बरोबर आहे.

तुला काय वाटतं याचा मी मुद्दाम विचार करत नव्हतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मी धरून चाललो होतो की तुला संशय आहे. म्हणून फोन अण्णांना देतेस, म्हणून बोलत नाहीस. तू मला मनातल्या मनात शिक्षा देत्येस, तर देऊ दे, असं म्हणून मी निवांत होतो. पण गेल्या महिन्यात तू घरी नसताना फोन लागला आणि आईच बोलली. मी सहज विचारलं, ताई माझ्याशी का बोलत नाही ग? आई म्हणाली, "तिला तुझ्यापुढे लाज वाटते रे. तू एवढा लांबून सगळं करणारा, आणि तिच्या हातून तो कागद हरवला. मी किती सांगते, माझ्या नशिबात होतं ते, पण तिच्या मनातून जात नाही."

तुला माझ्यापुढे लाज वाटते. हे ऐकून मी पार्किंगमध्ये गाडीत अर्धा तास बसून होतो, ऑफिसमध्ये जायचं सुचेना.

२००६ च्या मे महिन्यात मी आलो होतो, तो दिवस मला सारखा दिसतो. श्रीरंगकाका जेवायला होते. आईने पानातली कोशिंबीर शोधायला हात फिरवला, तिची बोटं आमरसात गेली. काका म्हणाले, वहिनींचं फारच झालं हो. आणि अण्णा, सगळ्यांच्या देखत, "काय सांगू, आमच्या हुशार मास्तरीणबाईंनी वीस-पंचवीस रुपये वाचवले. रजिस्टर केलं असतं तर आज हिला दोन डोळे असते." तू भात आणायला म्हणून आत गेलीस, आणि भात पानांपुढेच ठेवलेला होता. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. उलट काकांना म्हटलं, "रस घ्या ना अजून." मी हे खरंच म्हटलं, ताई. तुला आठवत नसेल, पण मला शब्द न् शब्द आठवतो.

अण्णा असं किती वेळा बोलले असतील, मला माहीत नाही. मी तिथे राहत नाही. तू राहतेस.

माफ कर असं मी लिहिणार नाही. ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू 'जाऊ दे रे' लिहून मोकळी होशील. जाऊ देऊ नकोस. रागव. हवं तर बोलूच नकोस माझ्याशी, पण आता ते लाजेपोटी नको, रागापोटी असू दे. तेवढं तरी माझ्या वाट्याचं मला मिळू दे.

आता पैशांचं. या कुरिअरमध्ये खातं बंद करायचा फॉर्म आहे, सही २००४ च्या फॉर्मवरून बघून केली आहे, चौथ्या प्रयत्नात जमली. बँकेला दुसरं पत्रही आहे, की सगळी रक्कम, तीन लाख साठ हजारांच्या वर जी काय भरेल ती, माझ्या खात्यातून सौ. नव्हे, कु. लतिका दिगंबर पिंपळखुटे हिच्या सेव्हिंग्ज खात्यात वळती करावी. अण्णांच्या नावे नाही. पाच वर्षांसाठी नाही. वारस वगैरे मी कुठेच नाही. साध्या सेव्हिंग्जला साडेतीन टक्के मिळतात हे मला माहीत आहे, माझ्या शीटमध्ये एवढा वाईट दर शोधून सापडत नाही. अण्णा म्हणतील, पोरगा अमेरिकेत जाऊन गणित विसरला. म्हणू देत. आईच्या उजव्या डोळ्यासाठी ज्या दिवशी लागतील त्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत जाऊन, तू तुझ्या एकटीच्या सहीने काढायचे. कुणाला फॉर्म पाठवायचा नाही आणि कुणाच्या रविवारची वाट बघायची नाही. इंजेक्शनांना आणि पुढे आणखी जे लागेल त्याला मी इथून दर महिन्याला पाठवणार आहे, ते वेगळं. हे पैसे दिले म्हणजे काही फिटलं असं माझ्या मनातसुद्धा नाही.

सोबत तो जुना फॉर्म, तुझी चिठ्ठी आणि तुझं पाकीटही पाठवतो आहे. शिक्का नीट वाचता येतो.

अण्णांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, यातलं सगळं त्यात आहे. ते या कुरिअरमध्ये ठेवलं नाही. त्यांच्या नावाने उद्या स्वतंत्र पाठवतो, कारण ते तुझ्या हाती दिलं तर तू 'म्हाताऱ्या माणसाला आता कशाला' म्हणून दाबून ठेवशील. मला ठाऊक आहे, तू मला वाचवायला बघशील. तसं केलंस तर मला पुन्हा बरं वाटेल, आणि ते मला नको आहे.

राहिली आई. माझी पत्रं तू तिला वाचून दाखवतेस. हे मात्र वाचू नकोस. मी केलेलं तिने तुझ्या आवाजात ऐकावं, हे बरं नाही. तुमच्या येत्या रविवारी सकाळी नऊला मी फोन करीन आणि तिला माझ्या तोंडाने सांगेन. ती 'नशिबात होतं' म्हणेल. तेव्हा मला म्हणावं लागेल की नशिबात नव्हतं, माझ्या फायलीत होतं. मला ते म्हणता आलं नाही तर शेजारी उभी राहून तू म्हण.

आणि एक. यापुढे अण्णा असोत, श्रीरंगकाका असोत, शाळेतली कुणी असो, तुला कोणी रजिस्टर का केलं नाहीस म्हणून विचारलं, तर आत भात आणायला जाऊ नकोस. पानावर बसून राहा आणि सांग, पोचलं होतं.

तुझं पाकीट मिळालेला,
केदार